खंदकातील भक्ती : प्रस्तावना

सैन्याबरोबर धर्मोपदेशक असावा ही प्रथा फार जुनी आहे. परंतु जुनी म्हणून ती सोपी झालेली नाही. ज्याच्या अंगावर राजाचा गणवेश आहे, ज्याच्या नावापुढे हुद्दा आहे, ज्याचा शिधा आणि तनखा लष्करी दप्तरातून निघतो, आणि तरीही हाती शस्त्र धरण्याला ज्याची दीक्षा मनाई करते, असा हा मनुष्य पलटणीत वावरत असतो. शत्रूवर प्रेम करावे असे शिकविणाऱ्या गुरूचा तो शिष्य, आणि शत्रूचा निःपात करण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचा तो चाकर. ही दुहेरी चाकरी ज्याला टोचली नाही, अशा पाद्र्याचे चिंतन कितीही शुद्ध भाषेत असले तरी ते वाचनीय होईल असे मला वाटत नाही. आणि ज्याला ती रात्रंदिवस टोचत राहिली, त्याची वाक्ये खडबडीत असली, त्याचा सिद्धांत मध्येच अडखळला, तरी त्याच्याजवळ थांबून ऐकावेसे वाटते. प्रस्तुत संग्रहात ज्यांचे विचार मराठीत येत आहेत ते रेव्हरंड जेफ्री स्टडर्ट केनेडी हे ह्या दुसऱ्या वर्गातले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेबरोबर फ्रान्स व बेल्जम येथे त्यांनी जी सेवा केली, तिच्या अनुभवातून १९१८ साली ‘द हार्डेस्ट पार्ट’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक निघाले. सैनिकांच्या बोलीत लिहिलेल्या त्यांच्याच एका कवितेत, जगातली सर्वांत अवघड भूमिका जर कोणाच्या वाट्याला आली असेल तर ती देवाच्याच, असा भाव आहे. त्यावरून पुस्तकाला हे नाव मिळाले. ह्या संग्रहाचा मुख्य आधार तेच पुस्तक आहे.

ब्रिटिश सेनेत पाद्र्यांचे स्वतंत्र खाते १७९६ साली स्थापन झाले. शंभर-सव्वाशे वर्षे ते एका संथ शिरस्त्याने चालले होते. रविवारची संचलन-उपासना, छावणीतील बाप्तिस्मे व विवाह, दफनविधी, आजाऱ्यांची विचारपूस, एवढा त्याचा व्याप. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ह्या खात्यात अवघे ११७ पाद्री होते. युद्ध संपताना ती संख्या सुमारे साडेतीन हजारांवर गेली होती. इतक्या झपाट्याने वाढलेल्या खात्याला आपले काम काय हे प्रथम उमगले नाही, यात नवल नाही. प्रारंभी आघाडीच्या खंदकात जाण्यास अनेक पाद्र्यांना लष्करी हुकुमाने मज्जाव होता. त्यांनी पिछाडीस राहावे, इस्पितळे पाहावी, मृतांना माती द्यावी, अशी व्यवस्था होती. मृत्युसमयीचा संस्कार देण्याच्या कर्तव्यामुळे रोमन कॅथलिक पाद्री पुढे जात, आणि इंग्लंडच्या मंडळीचा पाद्री मागे राहतो, अशी कुजबूज सैनिकांत पसरली. ती सर्वस्वी न्याय्य नव्हती, कारण ह्या युद्धात दीडशेहून अधिक पाद्री प्राणास मुकले. पण सुरक्षित जागेवरून केलेला उपदेश संकटात उभ्या असलेल्या मनुष्याला ऐकू येत नाही, हे सैनिकांचे गाऱ्हाणे मुळात खरेच होते.

स्टडर्ट केनेडी यांचा जन्म २७ जून १८८३ रोजी लीड्स शहरात झाला. वडील तेथील एका दरिद्री वस्तीतील मंडळीचे पाळक, घराणे मूळचे आयर्लंडचे, भावंडे नऊ, त्यांत हे सातवे. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. पुढे रग्बी व लीड्स येथे साहाय्यक पाळक म्हणून काम करून १९१४ साली ते वूस्टर येथील सेंट पॉल मंडळीत रुजू झाले. ही मंडळीही कष्टकऱ्यांचीच. दम्याचा विकार त्यांना जन्मभर पुरला. लहानपणापासून गरिबांच्या गल्लीत वाढल्यामुळे भाषेतला गावठी रांगडेपणा आणि शिवीगाळ यांनी त्यांचे कान कधी विटले नाहीत. आणि हा जो वरवर क्षुल्लक वाटणारा गुण, तोच पुढे त्यांच्या सेवेचा पाया ठरला. सैनिकाच्या तोंडची शिवी ही पुष्कळदा त्याची प्रार्थनाच असते आणि त्याच्या तोंडची प्रार्थना ही पुष्कळदा निव्वळ भीती असते, हे ओळखण्याइतका त्यांचा कान तयार होता.

१९१५ च्या डिसेंबरात ते लष्करी पाद्री म्हणून फ्रान्सला गेले आणि प्रथम रूआँ येथे तैनात झाले. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकांच्या गाड्या तेथील स्थानकावरून सुटत. त्या गाड्यांच्या डब्याडब्यांतून हा कृश अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा पाद्री फिरे. एका पिशवीत नव्या कराराच्या प्रती, दुसरीत वुडबाइन नावाच्या स्वस्त सिगारेटची पाकिटे, आणि दोन्ही तो सारख्याच मोकळेपणाने वाटीत असे. त्यावरून सैनिकांनी त्यांना ‘वुडबाइन विली’ हे नाव दिले आणि तेच जगभर झाले. ह्या नावातील आपुलकीमुळे एक अनर्थही झाला आहे. पुढील काळात पुष्कळांनी त्यांना केवळ प्रेमळ, विनोदी, सिगारेट वाटणारा पाद्री म्हणून लक्षात ठेवले, आणि ज्या विचारासाठी त्यांनी आपला जीव झिजविला तो विचार बाजूला पडला. स्थानकावरील उपाहारगृहात ते गाणी म्हणत, सैनिकांना घरी पत्रे लिहून देत, हे सर्व खरे आहे. परंतु गाडी सुटल्यावर ते एकटे फलाटावर उभे राहून जो प्रश्न स्वतःला विचारीत असतील, तो ह्या गाण्यांहून महत्त्वाचा आहे. मी ह्या पोरांना कोणाच्या हवाली केले? देवाच्या, असे उत्तर असेल, तर हा देव आहे तरी कसा?

त्यांच्या सेवेची रीत कळण्यासाठी थिओडोर बेली हार्डी यांची हकीकत सांगितली पाहिजे. हार्डी हे पूर्वी एका शाळेचे मुख्याध्यापक आणि नंतर एका खेड्यातील पाळक. वयाने पन्नाशी ओलांडलेले, प्रकृतीने संकोची. वयामुळे त्यांचा अर्ज प्रथम नामंजूर झाला. १९१६ मध्ये अखेर मंजुरी मिळाली. आघाडीवर जाण्यापूर्वी त्यांनी केनेडींना विचारले की हे काम करावे कसे. केनेडींच्या उत्तराचा आशय असा, की सैनिक जिथे जातील तिथे जा. पिछाडीस राहून काही साधणार नाही. ज्या ठिकाणी मरणाचा संभव अधिक ते पाद्र्याचे ठिकाण समज. पिशवीत थोडी तंबाखू आणि मनात पुष्कळ प्रेम असू दे. त्यांच्याबरोबर हास, प्रसंगी त्यांच्याबरोबर प्रार्थना कर, पण त्यांच्यासाठी प्रार्थना मात्र नित्य कर. हार्डी यांनी हा उपदेश अक्षरशः पाळला. लिंकनशायर पलटणीबरोबर ते रात्री-अपरात्री जखमी सैनिकांजवळ चिखलात बसून राहत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राजाने त्यांना आपला मानद पाद्री नेमून मायदेशी परतण्याची वाट मोकळी केली, ती त्यांनी नाकारली. आणि युद्धविरामास महिनाही उरला नसताना, १८ ऑक्टोबर १९१८ रोजी, रूआँ येथेच त्यांचा अंत झाला. उपदेश करणारा जिवंत राहिला आणि तो पाळणारा गेला, हे शल्य केनेडींच्या मनात किती खोल गेले असेल याची कल्पना वाचकाने करावी.

आता मूळ विचाराकडे वळू. इस्पितळात जखमी होऊन पडलेल्या एका अधिकाऱ्याने केनेडींना विचारले, की पाद्रीसाहेब, मला एवढेच सांगा, देव कसा आहे? त्या खाटेच्या वर भिंतीवर वधस्तंभावरील ख्रिस्ताची मूर्ती होती. केनेडींनी तिच्याकडे बोट दाखविले. अधिकारी थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की हे काही मला पटत नाही; देव म्हणजे सर्वसमर्थ, सर्वांचा शास्ता; आणि हा तर घायाळ, रक्तबंबाळ, हरलेला मनुष्य. ह्या उत्तराने केनेडी सावध झाले. त्यांच्या ध्यानी आले की शतकानुशतके मंडळी ज्या देवाला ‘सर्वसमर्थ’ म्हणत आली, त्याचे रूप सामान्य मनात हळूहळू सिंहासनावर बसलेल्या, फर्माने सोडणाऱ्या, शिक्षा आणि इनाम वाटणाऱ्या एका सम्राटाचे झाले होते. आणि वधस्तंभ हा त्या सम्राटाच्या राजवटीतला केवळ एक करुण प्रसंग म्हणून उरला होता. युद्धाने ह्या सम्राटाला उघडे पाडले. सारे त्याच्या इच्छेने घडते असे मानले, तर विषारी वायूही त्याच्याच इच्छेने सुटला असे मानावे लागते. आणि असा देव वंदनीय नाही, असे केनेडी स्पष्टपणे सांगतात. ही भाषा त्या काळच्या भाविकांना अत्यंत कठोर वाटली.

मेसीनच्या लढाईच्या दिवशी, ७ जून १९१७ रोजी, जे घडले ते त्यांच्या लेखनातील सर्वांत ज्वलंत पान आहे. तोफगोळ्यांच्या वर्षावातून, भीतीने अर्धवट भान हरपून धावत असताना, वाटेत त्यांना एका जर्मन पोराचे प्रेत दिसले. खुजे, कोवळे. ह्या बिचाऱ्याचा ह्या साऱ्याशी काय संबंध, असे मनात येते न येते तोच त्या प्रेताच्या जागी त्यांना वधस्तंभावरील ख्रिस्त दिसला. तेव्हापासून कुठलीही रणभूमी आपण वधस्तंभाहून वेगळी पाहू शकलो नाही, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. हा दृष्टान्त होता की थकलेल्या मनाचा भास, ह्या वादात मी शिरत नाही. कारण त्याचे फळ तपासता येते. ह्याच लढाईतील शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि त्या मानपत्रात सरकारी कारकुनाच्या कोरड्या भाषेतच नमूद आहे की त्यांनी तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांतून आपल्या आणि शत्रूच्याही जखमींचा शोध घेतला. ज्या मनुष्याला जर्मन पोराच्या जागी ख्रिस्त दिसला, त्याने जर्मन जखमींचाही शोध घेतला. दर्शन आणि आचरण यांत अंतर राहिले नाही. सैनिकी शौर्यपदकाच्या मजकुरात शत्रूची शुश्रूषा नमूद व्हावी, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते.

प्रार्थनेविषयीचे त्यांचे प्रकरण हा ह्या पुस्तकाचा गाभा होय, आणि तेथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे. गोळाबारी चालू आहे. खंदकात सारे अंग चोरून बसले आहेत. जवळच कोणीतरी मोठ्याने देवाचा धावा करीत आहे की मला वाचव, मला वाचव. आणि पाद्री असूनही केनेडींना त्या धाव्याची शिसारी येते, पलीकडे शिव्या घालीत आपले काम करणारा हवालदार त्यांना अधिक जवळचा वाटतो. मग ते स्वतःला दरडावून विचारतात, की तू ख्रिस्ताचा सेवक, तुला प्रार्थनेची किळस यावी? ह्या प्रश्नातून ते गेथशेमाने बागेपर्यंत जातात. तेथे ख्रिस्तानेही संकट टळावे अशी विनवणी केली. ती विनवणी खरी होती, तिच्यात घाम आणि व्याकुळता होती. पण तो त्या बागेतून बाहेर पडला तो सुटका घेऊन नव्हे, तर सामोरे जाण्याचे बळ घेऊन. केनेडींच्या मते ख्रिस्ती प्रार्थनेची कसोटी हीच. आपल्या जिवाभोवती कवच मागणारी प्रार्थना आणि मंतरलेला ताईत यांत त्यांना भेद दिसत नाही. त्यांच्या विचाराला एक पुढचे पाऊल मी जोडतो. त्या रात्री समोरच्या खंदकातही कोणी जर्मन तरुण त्याच देवाचा धावा करीत होता, आणि दोघांच्याही आया आपापल्या गावच्या देवळांत गुडघे टेकून बसल्या होत्या. प्रार्थना जर गोळ्याची दिशा फिरविणारी असती, तर देवाला त्या दोन आयांपैकी एकीची निवड करावी लागली असती. ज्यांची मुले परतली नाहीत त्यांची भक्ती उणी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तथापि ह्या प्रकरणात केनेडी भेदरलेल्या मनुष्यावर काहीसा अन्याय करतात असेही मला वाटते. स्तोत्रसंहितेत अगदी अशाच, जीव वाचव म्हणून फोडलेल्या किंकाळ्या आहेत, आणि मंडळीने त्या कधी हीन मानल्या नाहीत. भयाच्या क्षणी तोंडातून निघणारे नाव हे सिद्धांताच्या तराजूत घालू नये. पण केनेडी स्वतःही भ्याले होते, आणि ती कबुली त्यांनी दडविलेली नाही; त्यांचा राग त्या सैनिकावर जितका आहे त्याहून अधिक स्वतःतल्या तशाच धाव्यावर आहे, असे समजून ते पान वाचले म्हणजे त्यातला कठोरपणा निवळतो.

मराठी वाचकाला ह्या चिंतनात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. जनाबाईबरोबर जाते ओढणारा, गोरोबांच्या घरी राबणारा, चोखोबांचे हीन मानलेले काम अंगावर घेणारा देव आपल्या संतपरंपरेने शतकानुशतके गायिला आहे. सिंहासन सोडून भक्ताच्या अंगणात उतरणारे दैवत आपल्याला परके नाही. ख्रिस्तभक्तीलाही मराठीत स्वतःचे घर आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालचे. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तर ख्रिस्ताला अभंगाच्या मुखाने आळवले. केनेडी खंदकात वावरत होते त्याच सुमारास, १९१७ साली, टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोघांची गाठभेट कधी पडली नाही, पण पगारी धर्मसेवेच्या चाकोरीत देव मावत नाही ही तळमळ दोघांची एकच होती. तरीही साम्य ताणून एकरूपता दाखविण्याचा मोह आवरला पाहिजे. जनाबाईचा देव दळतो तो प्रेमाच्या कौतुकाने. त्याचे देवपण त्या श्रमात धोक्यात येत नाही, आणि दळण संपल्यावर तो विटेवर पुन्हा प्रसन्न उभा असतो. केनेडींचा देव मार खातो. त्याच्या जखमा खऱ्या आहेत, त्याची हार काही काळ तरी खरी आहे, आणि जग पूर्ण होईपर्यंत त्याचे दुःख संपत नाही. ह्या देवाशी समरस होण्यासाठी आपल्या वाचकाला भक्तिरसाच्या परिचित मार्गावरून काही अंतर अनोळखी मुलखात जावे लागेल.

ह्याच ठिकाणी शास्त्री मंडळींचा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या प्राचीन आचार्यांनी देव हा निर्विकार, दुःखाने न बदलणारा मानला. पुत्राबरोबर पित्यालाच क्लेश झाले असे म्हणणारे मत तिसऱ्या शतकातच पाखंड ठरविण्यात आले. त्यामागे विचार होता. जो स्वतःच दुःखात बुडाला आहे, तो दुसऱ्याला तारणार कसा? केनेडींचे स्नेही आणि विद्वान धर्मशास्त्रज्ञ जे. के. मोझली यांनी १९२६ साली ह्याच विषयाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि केनेडींसारख्यांच्या मताची त्यात दखल घेतली. माझ्या अल्पमतीप्रमाणे केनेडींनी सामर्थ्याची कल्पना घाईने मोडीत काढली. देव बळाने नव्हे तर प्रेमाने राज्य करतो हे त्यांचे म्हणणे मार्मिक आहे. पण प्रेम शेवटी जिंकेल ही खात्री कोठून आणायची, याचे उत्तर पुनरुत्थानात आहे, आणि त्याविषयीची त्यांची पाने वधस्तंभाविषयीच्या पानांइतकी सखोल नाहीत. ज्या माणसाने दोन वर्षे प्रामुख्याने मरणच पाहिले त्याच्या लेखणीकडून समतोलाची अपेक्षा करणे मात्र अनुचित होईल.

पूर्वी उल्लेखिलेल्या दुहेरी चाकरीचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. १९१४ मध्ये युद्ध जाहीर होताच ह्याच केनेडींनी आपल्या मंडळीच्या मासिकातून प्रत्येक धडधाकट पुरुषाला सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले होते. पुढे सैनिकांचे मनोबल वाढविण्यासाठी मुष्टियोद्धे व मल्ल यांच्या चमूबरोबर त्यांना छावण्यांतून भाषणे देत फिरविण्यात आले, आणि त्यांच्या अमोघ वाणीचा लष्कराने पुरता उपयोग करून घेतला. त्या युद्धात तीनशेहून अधिक ब्रिटिश सैनिकांना त्यांच्याच सैन्याने, बहुतांशी पळून गेल्याच्या आरोपावरून, गोळ्या घालून ठार केले. आणि त्या शेवटच्या रात्री अपराध्याजवळ बसण्याची कामगिरी पाद्र्यांवरच येई. देवाचा मनुष्य म्हणून सांत्वन करावे आणि राजाचा अधिकारी म्हणून पहाटे त्या शिक्षेला निमूट संमती द्यावी, याहून दारुण प्रसंग धर्मसेवकावर कोणता येणार? युद्धानंतर केनेडींची भाषा पालटली. १९१९ मध्ये त्यांनी ज्या पुस्तकाला सरळ ‘लाइज!’ असे नाव दिले त्यात, आणि पुढील व्याख्यानांतून, युद्धाला भव्यता चढविणाऱ्या साऱ्या असत्यांचा त्यांनी धिक्कार केला. हा पालट उशिरा आला असे म्हणणारे म्हणोत. तो आला, आणि तो किंमत मोजून आला.

ह्या युद्धाशी आपल्या मुलखाचाही संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. केनेडी फ्रान्सला पोचले त्याच डिसेंबरात मेसोपोटेमियातील कूत येथे पुणे डिव्हिजनला वेढा पडला होता. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि १९१६ च्या एप्रिलअखेर उपासमारीने शरण जाईपर्यंत त्यांनी ते ठाणे धरून ठेवले. त्यांची सुटका करण्यास निघालेली कुमक सन्नाइयात येथे अडली. तेथे ९ एप्रिल रोजी विल्यम अॅडिसन नावाच्या पाद्र्याने भर माऱ्यात जखमींना उचलून नेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. म्हणजे ज्यांच्या मदतीस ती फौज निघाली होती त्यांत सातारा-रत्नागिरीकडची माणसे होती. त्या वेढ्यात आपल्या माणसांनी कोणाचे नाव घेतले, कोणती प्रार्थना केली, याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. आज भारतीय सेनेत पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री असे धर्मशिक्षक पलटणींबरोबर असतात, आणि पुष्कळ छावण्यांत सर्व धर्मांची उपासनास्थाने एकाच छपराखाली असतात. त्यांच्यापैकी कोणी आपले अंतरंग असे मोकळे केले तर आपल्या वाङ्मयात एका नव्या दालनाची भर पडेल.

केनेडी यांच्या भक्तीचे स्वरूप केवळ विचारात शोधू नये. प्रभुभोजनाच्या विधीवर त्यांची निष्ठा अढळ होती. दारूगोळ्याच्या खोक्यांवर पांढरे कापड अंथरावे, त्यावर भाकर आणि प्याला ठेवावा, आणि उद्या चढाईवर जाणाऱ्या माणसांनी चिखलात गुडघे टेकावे, अशी ती उपासना असे. मोडलेल्या भाकरीत मोडलेला देह पाहणे हे संथ गावातल्या मंडळीला कल्पनेने साधावे लागते. तेथे कल्पनेची गरज नव्हती. बेल्जममधील पोपरिंघे गावी क्लेटन नावाच्या पाद्र्याने ह्याच काळात ‘टॅल्बट हाऊस’ हे सैनिकांचे विश्रांतिगृह चालविले, जिथे हुद्द्याचा भेद दारातच ठेवावा लागे. त्या घराच्या माळ्यावरील प्रार्थनागृहात सुताराचे एक जुने बाक वेदी म्हणून वापरीत. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूला ती वेदी शोभून दिसली असेल.

युद्धोत्तर आयुष्य थोडक्यात सांगता येते. १९२२ मध्ये त्यांना लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील सेंट एडमंड मंडळी मिळाली. पण त्यांचा खरा वेळ इंडस्ट्रिअल ख्रिश्चन फेलोशिप ह्या संस्थेसाठी गावोगाव व्याख्याने देण्यात गेला. बेकारी, मजुरी, गलिच्छ घरे हे विषय त्यांनी उपासनेच्या आत आणले, कारण रणभूमीवर दिसलेला वधस्तंभ त्यांना आता गिरणीत आणि झोपडीत दिसू लागला होता. दम्याने खिळखिळे झालेले शरीर हा ताण सोसू शकले नाही. ८ मार्च १९२९ रोजी, उपवासकाळातील प्रवचनांसाठी लिव्हरपूल येथे गेले असता, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांचे नाव पुढे काही दशके मागे पडले. ते पुन्हा उजेडात आणण्यात एका जर्मन धर्मशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. युर्गेन मोल्टमान हे १९४३ मध्ये हँबुर्गवरील बाँबवर्षावात सतरा वर्षांचे होते; शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत मारला गेला. पुढे ते युद्धकैदी झाले, आणि बंदिवासात एका लष्करी पाद्र्याने त्यांना नव्या कराराची व स्तोत्रांची एक प्रत दिली. एकोणचाळिसावे स्तोत्र आणि मार्कच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताचा मृत्युसमयीचा आक्रोश वाचून, आपल्याला समजून घेणारा कोणी आहे अशी त्यांना खूण पटली. १९७२ साली त्यांनी वधस्तंभावरील देवाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आणि त्यानंतरच्या एका ग्रंथात, त्रैक्याचा विचार करताना, केनेडींचे ‘द हार्डेस्ट पार्ट’ आणि धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचे त्याच सुमाराचे रोमकरांस पत्रावरील भाष्य यांची तुलना करून केनेडींच्या पुस्तकाकडे अधिक लक्ष जावयास हवे होते, असा अभिप्राय त्यांनी दिला. ज्या देशाच्या सैन्याविरुद्ध केनेडींची पलटण लढली, त्याच देशाच्या पुढल्या पिढीतील एका कैद्याने हा न्याय करावा, हे मला फार समाधानकारक वाटते.

पुस्तक हाती घेताना वाचकांस एक सूचना करतो. केनेडींनी देवाच्या स्वरूपाविषयीचे विवेचन पुस्तकाच्या आरंभी ठेवले आहे, प्रार्थनेचे प्रकरण पुढे येते. मराठी वाचकाने हा क्रम उलटा करून प्रार्थनेपासून आरंभ करावा. गोळाबारीत ऐकलेल्या त्या धाव्याने त्यांना जो त्रास दिला तो समजला, म्हणजे इस्पितळातल्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाने ते इतके का हादरले हे कळते, आणि मग त्यांच्या सिद्धांतातील उणिवा आपण त्यांच्याशी वाद घालीत, पण त्यांच्या शेजारी बसून, तपासू शकतो.